पहिल्या आठवड्यात साडेपाच लाख खप, दीड वर्षात दुकान बंद: हिअरसे नावाच्या पॉप गटाचं गणित

ऑक्टोबर 2024 मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेतूनच घडलेल्या वन डायरेक्शन या पॉप गटाचा गायक लियाम पेन गेला आणि ब्रिटनमध्ये एक जुना वाद पुन्हा पेटला. टीव्हीवरच्या स्पर्धेतून कोवळी पोरं निवडायची, त्यांचा गट बांधायचा, वर्षभरात त्यांना घराघरांत पोचवायचं, आणि नंतर त्यांच्याकडे बघायचं कोणी? आपल्याकडे हाच प्रश्न जरा सौम्य रूपात दरवर्षी येतो. गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचा हंगाम संपतो, ट्रॉफी मिळते, गावात मिरवणूक निघते, चौकात फ्लेक्स लागतो. वर्षभराने कुणीतरी विचारतं, अरे, तो गेल्या वर्षी जिंकलेला मुलगा सध्या काय करतो?

यावर "नशीब" किंवा "दम नव्हता" अशी उत्तरं तयार असतात. मला ती दोन्ही आळशी वाटतात. या विस्मरणामागे धंद्याची एक ठरलेली पद्धत आहे. ती समजून घ्यायला हिअरसे या ब्रिटिश पॉप गटाइतकं मासलेवाईक उदाहरण दुसरं नाही. हा गट 2001 च्या सुरुवातीला लोकांसमोर आला आणि 1 ऑक्टोबर 2002 रोजी संपला. मधल्या काळात त्याने विक्रीचा विक्रमही केला आणि रस्त्यात लोकांच्या शिव्याही खाल्ल्या.

आधी गोष्ट थोडक्यात

जानेवारी 2001 मध्ये आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर शनिवारी संध्याकाळी 'पॉपस्टार्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. देशभरातून हजारो तरुण चाचणीला आले. नायजेल लिथगो, निकी चॅपमन आणि पॉल अ‍ॅडम या तीन परीक्षकांनी गाळत गाळत पाच जण निवडले: किम मार्श, मायलीन क्लास, सुझॅन शॉ, डॅनी फॉस्टर आणि नोएल सलिव्हन.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवू. प्रेक्षकांनी कुणालाही मत दिलेलं नव्हतं. निवड आधीच होऊन गेली होती. निवडलेल्या पाच जणांना लोकांच्या नजरेआड एका घरात ठेवलं होतं, आणि प्रेक्षक आठवड्यामागून आठवडा, घडून गेलेली गोष्ट बघत होते. मालिकाच म्हणा ना. खलनायकही होता. लिथगोला वर्तमानपत्रांनी 'नॅस्टी नायजेल' असं नाव ठेवलं, कारण तो तोंडावर लागट बोलायचा. किम मार्शच्या वजनावरून त्याने कॅमेऱ्यासमोर मारलेला टोमणा ब्रिटनमध्ये आजही काढला जातो. किम दोन मुलांची आई होती आणि ही गोष्ट तिने सुरुवातीला लपवली होती. मालिकेला लागतो तो मसाला असा आयताच हाती आला.

12 मार्च 2001 रोजी त्यांचं पहिलं गाणं, 'प्युअर अँड सिंपल', बाजारात आलं. पहिल्या आठवड्यात 5,49,823 प्रती गेल्या. पदार्पणाच्या गाण्यासाठी ब्रिटनमध्ये तोवर हा विक्रम होता. गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि पुढे दहा लाखांचा टप्पा ओलांडून गेलं. महिनाअखेरीस अल्बम आला, तोही थेट पहिला. जुलैमध्ये दुसरं गाणं, पुन्हा पहिला क्रमांक. डिसेंबरमध्ये तिसरं गाणं चौथ्या क्रमांकावर आलं आणि त्याच महिन्यात आलेला दुसरा अल्बम चोविसाव्या क्रमांकाच्या वर गेलाच नाही. जानेवारी 2002 मध्ये किम मार्श बाहेर पडली. तिच्या जागी जॉनी शेंटल आला. ऑगस्टमध्ये एक गाणं सहाव्या क्रमांकापर्यंत पोचलं, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला गट संपल्याचं जाहीर झालं.

मार्चमध्ये पहिला आणि डिसेंबरमध्ये चोविसावा. नऊ महिन्यांत पाच जणांचे गळे काही बिघडले नव्हते. मग बिघडलं काय?

लोकांनी नेमकं विकत काय घेतलं?

2001 मध्ये ब्रिटनमध्ये गाण्यांची क्रमवारी दुकानांतल्या विक्रीवर ठरायची. त्यातला एक शब्द आधी समजून घेऊ, तो पुढे सतत येईल. 'सिंगल' म्हणजे एकच मुख्य गाणं असलेली स्वस्तातली सीडी. सोमवारी नवं सिंगल दुकानात यायचं, आठवडाभराची विक्री मोजली जायची आणि रविवारी संध्याकाळी बीबीसी रेडिओ वनवर क्रमांक जाहीर व्हायचे. त्यामुळे सगळा जोर पहिल्या सात दिवसांवर. सोमवारी रांग लागली तर जिंकलात, लोक हळूहळू येऊ लागले तर तोवर गाडी निघून गेलेली असायची.

आता एखाद्या नव्या गटासाठी ही रांग लावायची तर कंपनीला काय काय करावं लागतं? रेडिओवाल्यांच्या विनवण्या, मासिकांत मुलाखती, शाळाशाळांतून फुकट कार्यक्रम, दुकानांत पोस्टर. यावर वर्ष जातं, पैसाही पाण्यासारखा जातो, आणि बहुतेक गट तरीही पडतात. हिअरसेच्या बाबतीत हे सगळं काम एका वाहिनीने केलं. दर शनिवारी, जवळजवळ एक कोटी लोकांसमोर, सलग अनेक आठवडे. वर कंपनीला त्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजावे लागले नाहीत, कारण वाहिनी स्वतःच मधल्या जाहिरातींवर कमावत होती.

इतके आठवडे पाहिलेल्या मालिकेचा शेवटचा भाग लोकांना दुकानात जाऊन विकत घेता येत होता. ती साडेपाच लाख सिंगल म्हणजे माझ्या मते गाण्याची विक्री नव्हतीच, ती मालिकेच्या शेवटाची विक्री होती. निवडलं कुणाला, ते दिसतात कसे, जमलं का त्यांना, हे सगळं घरी नेण्याची किंमत. गाणं वाईट होतं असं नाही. पण ते त्यांच्यासाठी लिहिलेलंही नव्हतं. गर्ल थिंग नावाच्या दुसऱ्या एका मुलींच्या गटाने ते आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं होतं. गाणाऱ्याचे कपडे बदलावेत तसं ते गाणं एका गटाकडून दुसऱ्याकडे आलं आणि दहा लाखांवर खपलं, यावरूनच ओळखा की लोक कशासाठी पैसे देत होते.

मालिका संपली की तिचा शेवट दुसऱ्यांदा विकता येत नाही. दुसरं गाणं अजून त्या ऊबेवर पहिलं आलं. तिसऱ्यापर्यंत ऊब विरली, आणि तेव्हा पहिल्यांदाच या गटाला फक्त गाण्याच्या जोरावर उभं राहायचं होतं.

हा साचा आला कुठून?

'पॉपस्टार्स' ब्रिटिशांच्या डोक्यातून निघालेलं नाही. 1999 मध्ये न्यूझीलंडमध्ये ते पहिल्यांदा झालं आणि त्यातून ट्रूब्लिस नावाचा मुलींचा गट निघाला. ऑस्ट्रेलियात त्यातून बार्डो निघाला, मग ब्रिटनमध्ये हिअरसे. 2002 मध्ये हेच भारतात चॅनल व्ही वर आलं आणि त्यातून विवा हा पाच मुलींचा गट तयार झाला. नव्वदीत जन्मलेल्या आपल्या बऱ्याच वाचकांना त्या मुली आठवत असतील.

इथे दुसरा शब्द: फॉरमॅट. म्हणजे कार्यक्रमाचा आराखडा. चाचणी कशी घ्यायची, किती टप्पे, परीक्षक किती, कॅमेरा रडणाऱ्यावर किती वेळ ठेवायचा, याचं लिहून ठेवलेलं तंत्र. ते देशोदेशी भाड्याने दिलं जातं. म्हणजे गट कुठलाही असो, टिको वा न टिको, आराखड्याच्या मालकाची कमाई सुरूच. ट्रूब्लिस संपला काय आणि हिअरसे संपला काय, पुढच्या देशात नवं दुकान मांडता येतं.

हिअरसेला याच गोष्टीचा सगळ्यात मोठा फटका बसला, आणि तोही घरच्याच वाहिनीकडून. 2001 च्या शरद ऋतूत आयटीव्हीनेच 'पॉप आयडॉल' सुरू केलं. त्यात प्रेक्षक फोनवरून मत द्यायचे आणि प्रत्येक फोनचे पैसे पडायचे. आता लोक नुसते बघे नव्हते, निवडणारे होते. आपण निवडलेल्या पोराला पाडायचं कसं, म्हणून सिंगलही घेणार. फेब्रुवारी 2002 मध्ये विल यंग जिंकला आणि त्याच्या पहिल्या सिंगलने पहिल्याच आठवड्यात अकरा लाखांचा आकडा पार केला. हिअरसेचा विक्रम वर्षभरही टिकला नाही. 'पॉप आयडॉल'चीच पोरं म्हणजे 'अमेरिकन आयडॉल' आणि 2004 मध्ये सुरू झालेलं 'इंडियन आयडॉल', ज्याच्या पहिल्याच हंगामात मुंबईचा अभिजीत सावंत जिंकला.

पण दहा लाख सिंगल विकली, मग पोरं श्रीमंत झाली असतील ना?

हा प्रश्न हमखास येतो. हिअरसेच्या पाच जणांचा करार आपल्यासमोर नाही, त्यामुळे त्यांच्या खिशात किती पडलं याचा आकडा मी देणार नाही. पण त्या काळच्या रेकॉर्ड कंपन्यांचे करार साधारण कसे असत हे सांगता येतं, आणि ते सांगायला आपल्याकडे एक चपखल गोष्ट आहे: ऊसतोडीची उचल.

बीड, अहिल्यानगरकडून गळीत हंगामाला निघण्याआधी मुकादम कोयत्यामागे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, ठरावीक रक्कम आगाऊ देतो. हंगामभर तोडलेल्या उसाच्या टनांमधून ती फिटत जाते. फिटेपर्यंत हातात नवा पैसा येत नाही, आणि फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. रेकॉर्ड कंपनीचा अ‍ॅडव्हान्स याच जातीचा. सही केल्यावर जी रक्कम मिळते ती बक्षीस नसते, ती उचल असते. गटाच्या वाट्याच्या रॉयल्टीतून, म्हणजे दर विक्रीमागे मिळणाऱ्या हिश्शातून, ती वसूल होते. आणि वसुली नुसत्या उचलीची होत नाही. स्टुडिओचं भाडं, निर्मात्याचा मेहनताना, बऱ्याचदा व्हिडिओचा निम्मा खर्च, दौऱ्यासाठी दिलेला आधार, हे सगळं त्याच खात्यावर मांडलं जातं.

कागदावर मांडून बघू. हे आकडे निव्वळ समजावण्यासाठी आहेत, कुठल्याही खऱ्या करारातले नाहीत. समजा पाच जणांना मिळून 2 लाख पाउंड उचल दिली आणि रेकॉर्डिंग, व्हिडिओ वगैरेचे 3 लाख त्यांच्या खात्यावर टाकले. एका अल्बममागे गटाचा वाटा 1 पाउंड. म्हणजे पहिले 5 लाख अल्बम विकले जाईपर्यंत गटाला एक छदाम नाही. त्यापुढे 1 लाख अल्बम खपले तर 1 लाख पाउंड येतील, त्यातले 20 टक्के मॅनेजर घेईल, उरलेले 80 हजार पाच जणांत वाटले तर प्रत्येकी 16 हजार, आणि त्यावर कर. आता कंपनीची बाजू बघा. तिला एका अल्बममागे समजा 4 पाउंड सुटत असतील, तर तिचे 5 लाख सव्वा लाख अल्बममध्येच वसूल झाले. कंपनी नफ्यात आल्यावरही आणखी पावणेचार लाख अल्बम खपेपर्यंत गटाच्या खात्यावर कर्जच दिसत राहतं. गोम आहे ती इथे. खर्च दोघांसाठी एकच, पण तो फेडायचा दर वेगळा.

शिवाय दुसऱ्या अल्बमचा खड्डा पहिल्याच्या कमाईतून भरून घेण्याचं कलमही अशा करारांत सर्रास असतं. पहिला अल्बम धावला आणि दुसरा चोविसाव्या क्रमांकावर बसला, की पहिल्याचं उरलंसुरलंही दुसऱ्याच्या खात्यात जातं.

उचलीशी तुलना एका ठिकाणी मात्र तुटते आणि ते सांगायला हवं. गाणी पडली तर गायकाच्या घरावर सहसा कुणी वसुलीला येत नाही. कंपनी ती रक्कम बुडीत धरते आणि गटाला रजा देते. ऊसतोड मजुराला ही सोय नाही.

गाणं एकाचं, रेकॉर्डिंग दुसऱ्याचं

एका गाण्यात मालकीच्या दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि तिथे बहुतेकांचा गोंधळ होतो. एक म्हणजे रचना: शब्द आणि चाल. ती गीतकार-संगीतकारांची. दुसरी म्हणजे त्या रचनेचं प्रत्यक्ष रेकॉर्डिंग, धंद्यात त्याला 'मास्टर' म्हणतात. ते सहसा कंपनीचं. रेडिओवर गाणं वाजलं, सीडी विकली गेली, कुणी दुसऱ्याने तेच गाणं गायलं, तरी रचनाकाराला त्याचा हिस्सा पोचतो. त्याच्या हिश्शातून व्हिडिओचा खर्च कापला जात नाही.

'प्युअर अँड सिंपल' टिम हॉज, पीट कर्टली आणि अ‍ॅलिसन क्लार्कसन यांनी लिहिलं होतं. अ‍ॅलिसन क्लार्कसन म्हणजे 1990 च्या आसपास स्वतः पॉप गायिका म्हणून गाजलेली बेटी बू. गाण्याचा धंदा आतून पाहिलेली ही बाई पुढे इतरांसाठी गाणी लिहिण्याकडे वळली. गर्ल थिंगने गायलं तेव्हाही रचना तिची आणि तिच्या साथीदारांची, हिअरसेने गायलं तेव्हाही त्यांचीच. गाणारे बदलले, मालक तेच राहिले. हिअरसेच्या पाच जणांकडे रचना नव्हती, मास्टर नव्हतं, आणि कार्यक्रमाचा फॉरमॅट तर नव्हताच. त्यांच्याकडे होते ते आवाज, चेहरे आणि वेळ.

गाणाऱ्याला रॉयल्टी हवी की नको, हा वाद आपल्याला नवा नाही. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला, मोहम्मद रफींना मेहनताना घेतल्यावर हिशेब संपला असं वाटत होतं, आणि त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं थांबवलं होतं. भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकारांचा रॉयल्टीतला हिस्सा सही करूनही निर्मात्याला देऊन टाकता येणार नाही अशी तजवीज केली, आणि गायकांच्या हक्कालाही कायद्यात जागा दिली.

"अहो, पण त्यांच्यात दमच नव्हता!"

हा दुसरा आक्षेप. 2002 मध्ये ब्रिटनमधली वर्तमानपत्रंही हेच म्हणत होती. पण मायलीन क्लास लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेली, पियानो आणि शास्त्रीय संगीताची तयारी असलेली मुलगी होती. नोएल सलिव्हन पुढे लंडनच्या रंगभूमीवर संगीतनाटकांत मुख्य भूमिका करत राहिला. अंगात कला नसलेल्यांना हे जमत नाही.

अडचण वेगळीच होती. आधी एकत्र गाऊन, छोट्या जागी पडून-धडपडून झालेल्या गटाची एक खूण तयार होते. लोकांना दोन ओळी ऐकल्यावर कळतं, हे अमक्याचं गाणं. हिअरसेला ती खूण तयार करायला वेळच मिळाला नाही. पाच वेगवेगळ्या वाटेने आलेले आवाज एकत्र ठेवले आणि काही आठवड्यांत देशासमोर उभे केले. चाचणीत तर प्रत्येकाने "मी काहीही गाऊ शकतो" हेच दाखवायचं असतं. काहीही गाऊ शकणाऱ्या पाच जणांकडून आपलं असं एक गाणं निघायला काही वर्षं लागतात, आणि कंपनीने दोन अल्बममध्ये नऊ महिन्यांचं अंतर ठेवलं. मालिका लोकांच्या डोक्यातून जायच्या आत जे पिळून घेता येईल ते घ्यायचं, हा हिशेब त्यात उघड दिसतो. कंपनीच्या बाजूने बघितलं तर तो चुकीचाही नव्हता.

त्यात घडताना सगळं दिसलेलं असल्यामुळे लोकांना वाटू लागलं की यांना आपणच वर आणलं, तेव्हा खाली खेचायचा हक्कही आपला. किमच्या जागेसाठी पुन्हा चाचण्या ठेवल्या, रांगा लागल्या, आणि निवडला गेला जॉनी शेंटल, जो बूम! नावाच्या पॉप गटात आधीच होता आणि स्टेप्स या गाजलेल्या गटातल्या लिसा स्कॉट-लीशी ज्याचं लग्न ठरलेलं होतं. वर्तमानपत्रांनी ओरड केली: ओळखीतलाच घ्यायचा होता तर रांग कशाला लावली? ज्या कार्यक्रमाने "आम्ही तुम्हाला पडद्यामागचं सगळं दाखवतो" म्हणून लोकांना बांधून ठेवलं, त्याच गटावर पडद्यामागे काहीतरी शिजतंय असा संशय आला. गट संपवताना सदस्यांनी लोकांकडून होणाऱ्या शिवीगाळीचाही उल्लेख केला होता.

हरलेले पाच जिंकले, तेही नाव गमावून

या कथेतला मला सगळ्यात आवडणारा भाग आता येतो. अंतिम दहांपैकी जे पाच गळले, त्यांनी आपला गट केला: मिशेल हीटन, टोनी लंडन, केव्हिन सिम, जेसिका टेलर आणि केली यंग. नाव ठेवलं लिबर्टी. वर्तमानपत्रांनी त्यांना 'फ्लॉपस्टार्स' म्हणून हिणवलं. मे 2002 मध्ये त्यांचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम ब्रिटिश सिंगलचा ब्रिट पुरस्कार मिळाला, आणि हा गट 2007 पर्यंत चालला. जिंकणाऱ्यांच्या जवळजवळ चौपट काळ.

पण मधे त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. लिबर्टी नावाचा एक जुना फंक गट आधीपासून होता. फार चालला नव्हता, तरी संगीतवर्तुळात त्याची थोडी ओळख शिल्लक होती. त्यांनी नव्या गटाच्या रेकॉर्ड कंपनीवर दावा लावला. दुसऱ्याच्या नावावर आपला माल खपवणं, ज्याला इंग्लंडच्या आणि आपल्याही कायद्यात 'पासिंग ऑफ' म्हणतात, असा हा मामला. 2002 च्या सुरुवातीला लंडनच्या हायकोर्टाने जुन्या गटाच्या बाजूने कौल दिला. थोडीशी उरलेली पत हीसुद्धा मालमत्ताच, असा त्याचा अर्थ. नव्या पोरांनी नावापुढे एक एक्स लावला आणि ते लिबर्टी एक्स झाले.

नावाची गोष्ट पॉप गटांत फार महत्त्वाची असते, कारण माणसं बदलली तरी नाव चालू ठेवता येतं. शुगाबेब्स या ब्रिटिश गटातल्या मूळच्या तिन्ही मुली 2001, 2005 आणि 2009 मध्ये एकेक करून बाहेर पडल्या, तरी गट त्याच नावाने नव्या मुलींना घेऊन गातच होता. मूळ तिघी पुन्हा एकत्र आल्या तेव्हा त्यांना स्वतःच्याच गटाचं नाव वापरता येईना, ते हाती यायला बरीच वर्षं गेली. हिअरसेमध्ये किमच्या जागी जॉनी आणणं हे याच विचारातून आलेलं. पाटी तीच, माणूस नवा.

टीव्हीवर घडलेले सगळेच गट असे संपतात का?

नाही. आणि इथे माझ्या मुद्द्याची परीक्षा आहे. 2002 च्या शरद ऋतूत 'पॉपस्टार्स'चा पुढचा अवतार आला, 'पॉपस्टार्स: द रायव्हल्स'. हिअरसे संपल्याची घोषणा झाली तेव्हा त्याच वाहिनीवर हा हंगाम सुरू होता, हे आजही जरा क्रूर वाटतं. त्यातून एक मुलांचा गट निघाला, वन ट्रू व्हॉइस, जो वर्षभरात आटोपला. दुसरा मुलींचा, गर्ल्स अलाउड. त्या वर्षीच्या नाताळात त्या पहिल्या क्रमांकावर होत्या आणि मधल्या विश्रांतीसह 2013 पर्यंत टिकल्या.

त्याच स्पर्धेतून, त्याच महिन्यात निघालेले हे दोन गट. फरक गळ्यांपेक्षा गाण्यांमध्ये जास्त होता. गर्ल्स अलाउडची बहुतेक गाणी ब्रायन हिगिन्सच्या झेनोमेनिया या एकाच चमूने घडवली. इथून एक, तिथून एक अशी गोळा केलेली नव्हती. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गर्ल्स अलाउडचं गाणं रेडिओवर ओळखू येऊ लागलं आणि त्या एका कार्यक्रमातून आल्या होत्या हे लोक विसरले. टीव्हीवरून निघालेल्या गटाला वाचायचं असेल तर आधी हे विसरणं घडावं लागतं. हिअरसेच्या पहिल्या अल्बमचं नाव मात्र कार्यक्रमाचंच होतं: 'पॉपस्टार्स'.

पाचांचं, आणि आपल्या पाचांचं पुढे काय झालं

किम मार्शचं एकटीचं पहिलं गाणं 2003 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पण तिचं खरं नाव झालं अभिनयात. 'कोरोनेशन स्ट्रीट' या ब्रिटनच्या जुन्याजाणत्या मालिकेत तिने 2006 पासून 2019 पर्यंत काम केलं. मायलीन क्लास रेडिओ-टीव्हीवरची परिचित निवेदक झाली. सुझॅन शॉ 2008 मध्ये बर्फावरच्या नृत्यस्पर्धेचा टीव्ही शो जिंकली. म्हणजे गाण्याच्या धंद्याने त्यांना फारसं ठेवून घेतलं नाही, टीव्हीने ठेवून घेतलं. त्यांची भरती मुळात झाली होती ती टीव्हीसाठीच, हे यावरून कळतं. हरलेल्यांपैकी केव्हिन सिम तर 2016 मध्ये 'द व्हॉइस'मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उतरला आणि जिंकला.

विवाचंही काहीसं असंच झालं. पाच मुली, एकदम प्रसिद्धी, एक सदस्य लवकरच बाहेर, आणि काही वर्षांत गट बंद. नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा पुढे हिंदी चित्रपटांसाठी गाऊ लागल्या. चॅनल व्हीच्याच पुढच्या हंगामातल्या आस्मा गटातली नीती मोहनही पार्श्वगायनात स्थिरावली. भारतात गट टिकला नाही तरी गायिकेला चित्रपटाचं दार उघडं होतं. ब्रिटनमध्ये ते दार नाही.

"मग आमच्या मुलांनी अशा स्पर्धेत जाऊच नये?"

असं माझं म्हणणं नाही. निवड झाल्यावर कागद पुढे येतो, तो घरच्यांनी आनंदाच्या भरात वाचून सोडून देऊ नये, इतकंच. उचल किती यापेक्षा तिच्याबरोबर आणखी कोणकोणते खर्च त्याच खात्यावर जाणार, हे आधी बघावं. एका अल्बमची बाकी दुसऱ्यावर चढणार का? करार किती वर्षांचा, आणि पुढे वाढवायचा की नाही हे फक्त कंपनीच ठरवणार का? (बहुतेक वेळा तसंच असतं.) गटाचं नाव कुणाच्या मालकीचं? स्वतः गाणी लिहिलीत तर त्यातला हिस्सा कुणाचा? आणि बाहेर पडायचं ठरवलं तर किती दिवस दुसरीकडे गायची बंदी? हे सगळं एखाद्या वकिलाकडून वाचून घ्यावं, आणि तो वकील कार्यक्रमवाल्यांनी सुचवलेला नसावा.

ब्रिटनमध्ये आता एक गोष्ट बदलली आहे. एप्रिल 2021 पासून ऑफकॉम या तिथल्या प्रसारण नियामकाने वाहिन्यांवर बंधन घातलं आहे, की कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांच्या मानसिक आरोग्याची आणि भल्याची योग्य ती काळजी घ्यायची. हिअरसेच्या वेळी असा नियम नव्हता. पण नियामकाचा अधिकार कार्यक्रमापुरता. रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या कराराची तिसरी, चौथी, पाचवी वर्षं त्याच्या कक्षेत येत नाहीत, आणि लियाम पेननंतर तिथे सुरू झालेल्या चर्चेतला अजून न सुटलेला भाग हाच आहे.